शेवटच्या दारातली म्हातारी

एखाद्या पुस्तकाचं वाटोळं करायचं असेल तर त्याच्यावर गेम काढावा, आणि त्या गेमचं वाटोळं करायचं असेल तर खेळणाऱ्यांना त्यांचं मत विचारावं. मी ही दोन्ही कामं पगार घेऊन केली आहेत. लागोपाठ पावसानं दगा दिलेली ती वर्षं. शहराच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद असायचं, आता छत्रपती संभाजीनगर असतं. नळाला दोन्ही नावं सारखीच, तो त्याच्या मर्जीनं यायचा. बीड बायपासच्या पलीकडं काल-परवापर्यंत जिथं ज्वारी होती तिथं इमारती उभ्या राहत होत्या, आणि एकही इमारत अशी नव्हती जिच्या नावात नदी, सरोवर नाहीतर झरा नाही. मी ज्या इमारतीत खोली घेऊन राहायचे तिच्या नावात तर अख्खा समुद्र होता. पाणी टँकरनं यायचं.

मी मराठीत एम. ए. झालेली, म्हणजे मिळेल ती नोकरी करायला मोकळी. गारखेड्यात पाण्याच्या काळ्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वर मोबाईलचे गेम बनवणारी कंपनी निघाली होती, तिथं मी चिकटले. कंपनीचे मालक माझ्याच वयाचे. त्यांच्या घरची जमीन बायपासला लागून होती, तिचे प्लॉट पडले आणि घरातला प्रत्येक जण काहीतरी उघडून बसला. कुणी हॉटेल उघडलं, कुणी मंगल कार्यालय. हे पुण्याला कॉम्प्युटर शिकून आले होते म्हणून यांनी गेमची कंपनी उघडली. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. फक्त जन्मात त्यांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसायचं.

माझ्या पदाचं नाव होतं कम्युनिटी मॅनेजर. घरी सांगितलं तेव्हा वडिलांना वाटलं मी समाजाच्या कार्यालयात लागले, आणि त्यांनी कन्नडच्या बाजारात चार माणसांना तसं अभिमानानं सांगूनही टाकलं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांचं आयुष्य घाटाखाली-घाटावर करण्यात गेलेलं. त्यांना मी सांगितलं की लोक फोनवर खेळतात, मग खेळ कसा वाटला ते लिहितात, आणि त्यांनी लिहिलेलं मी वाचते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यापेक्षा मेंढरं बरी, ती लिहीत नाहीत. त्या नोकरीबद्दल इतकं नेमकं नंतर कुणीच बोललं नाही.

पुस्तक होतं आमच्या बाईंचं. कन्नडच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. रिटायर झाल्यावर बायका पापड करतात, नातवंडं सांभाळतात, तीर्थाला जातात. बाईंना मूलबाळ नव्हतं, पापडाचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी एक जाडजूड कादंबरी लिहिली. तिच्यात राक्षस होते, जमिनीखाली गावं होती, बोलणारी मेंढरं होती. मोठ्या माणसांनी विचारलं, हे लहान मुलांसाठी आहे का? लहान मुलांच्या आयांनी विचारलं, यात अभ्यासाचं काय आहे? त्यामुळं पुस्तकाचे गठ्ठे बाईंच्या खाटेखाली सुखरूप राहिले. बाई म्हणायच्या, निदान खाटेला आधार झाला.

गोष्ट अशी होती. एका धनगराच्या पोरीच्या गावची नदी एक दिवस निघून जाते. आटत नाही, निघून जाते, ऊसतोडीला माणसं जातात तशी. पोर तिला शोधायला जुन्या बारवेत उतरते. बारवेच्या तळाशी एक गाव, त्या गावाखाली आणखी एक, अशी गावांखाली गावं. प्रत्येक ठिकाणी राक्षस, कोडी, भांडणं आणि थोडं थोडं पाणी. ते पाणी पोर आपल्या घागरीत साठवत जाते. शेवटच्या गावात एक दार आणि त्या दारात एक म्हातारी, पाय लांब करून बसल्या बसल्या झोपलेली, धुळीनं भरलेली. तीच नदी. ती कधीचीच परत आलेली असते, पण तिच्या पायावर कुणी पाणी घातलेलं नसतं म्हणून आत येत नाही. पोर अख्खी घागर तिच्या पायावर रिकामी करते. म्हातारी उठते, घरात येते, गावाला पाणी येतं, पुस्तक संपतं.

आमच्याकडं लांबून घरचं माणूस आलं की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात, पायावर तांब्याभर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात आणि मगच आत घेतात. हे कुणाला शिकवावं लागत नाही, लहानपणापासून दिसतं आणि अंगात बसतं. म्हणून मालकांना मी छातीठोकपणे सांगितलं की आपल्या लोकांना हे शेवटचं कोडं म्हणजे हातचा मळ. गोष्ट मालकांनी चहा संपेस्तोवर ऐकली आणि म्हणाले, घेऊ. पुस्तक त्यांनी वाचलं नाही. गेम निघाल्यावरसुद्धा वाचलं नाही. टेबलावर मात्र ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

मग पुस्तकाचा गेम होऊ लागला, म्हणजे जे जे बाईंचं होतं ते ते गळू लागलं. चित्रं इथं काढायला वेळ लागतो म्हणून परदेशातून तयार चित्रं विकत आणली. बारवेचा झाला किल्ला, तोही बर्फातला. धनगराच्या पोरीचं लुगडं गेलं आणि अंगावर चिलखत आलं. मेंढरं आली ती पांढरी, गुबगुबीत, कापसाच्या गादीला पाय फुटावेत तशी. आमची काळी, काटक, दुष्काळात बाभळीच्या शेंगा खाऊन जगणारी मेंढरं त्यांना कुठून मिळणार. घागर तेवढी मी भांडून खरी काढून घेतली. आणि म्हातारीच्या जागी मिळाली ती लाल डोळ्यांची, वाकड्या नाकाची चेटकीण. बाईंनी ते चित्र पाहिलं आणि चष्मा पुसून परत पाहिलं. मालक म्हणाले, बजेटमध्ये हीच बसत होती. मग बाईंनी हट्ट धरला की हिचे पाय तरी नीट काढा, अनवाणी आणि धुळीचे. तेवढे पाय चित्रं काढणाऱ्या एका पोरीकडून वेगळे काढून घेतले आणि चेटकिणीला जोडले.

बाईंनी दोन अटी घातल्या होत्या. शेवट बदलायचा नाही आणि शेवट कुणाला सांगायचा नाही. मालक दोन्हीला हो म्हणाले, कारण तेव्हा हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण त्यांनीही आपली एक अट घातली. गुढीपाडव्यापर्यंत एक तरी खेळणारा शेवटापर्यंत पोचला पाहिजे. नाहीच पोचला तर लोकांच्या मतानं शेवट करायचा. बाई हसून म्हणाल्या, चालेल. आपल्या मुलखातली माणसं पायावर पाणी घालायला विसरतील हे त्यांच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्याही आलं नाही.

गेम दिवाळीत निघाला आणि लोकांची मतं यायला लागली. लोक काय लिहितात ते देवच जाणे असं म्हणतात, पण देवाला तरी न वाचायची मुभा आहे. मला वाचावं लागायचं आणि प्रत्येकाला उत्तरही द्यावं लागायचं, ते एकच, आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. पहिल्याच दिवशी एकानं लिहिलं, गेम ठीक आहे पण मूळ पुस्तकाची सर नाही. मला भरून आलं. खाली आणखी चौघांनी तेच लिहिलं, पुस्तकच भारी होतं, पुस्तकाचा आत्मा हरवला. मग माझ्या लक्षात आलं की पुस्तक तर बाईंच्या खाटेखाली आहे. यांनी आत्मा पाहिला कुठं?

एकाचं मत असं की राक्षस फार लवकर मरतात. त्याच्याच खालच्याचं असं की राक्षस मरतच नाहीत. एका काकांनी लिहिलं की गेममुळं तरुण पिढी बिघडत चालली आहे, आणि त्यांच्या नावापुढं दिसत होतं की ते स्वतः चौथ्या गावात पोचले आहेत. माझ्या चुलतभावानं पाचातली एकच चांदणी दिली, कारण मेंढरं आपली नव्हती. त्याचे मी आभार मानून गप्प बसले, कारण मेंढरांबद्दल तोच खरं बोलला होता.

पण सगळ्यात जास्त मतं होती पाण्याबद्दल. पाणी लई कमी दिलंय. घागर मोठी करा. घागरीला झाकण द्या. दुसरी घागर ठेवायला जागा द्या. खाली टाकी बांधायचं ऑप्शन द्या, वर टाकी बांधायचं ऑप्शन द्या. एकानं सविस्तर लिहिलं होतं की जायकवाडीचं धरण इतकं जवळ असताना पोरगी पाण्यासाठी बर्फातल्या किल्ल्यात का उतरते, थेट पाइपलाइन दाखवा. ते वाचून मी इतकी हसले की खाली टाक्यांच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. गेममध्ये वाटेत पाणी खर्च करायच्याही जागा होत्या. तहानलेलं झाड, तहानलेलं मेंढरू, एका ठिकाणी तहानलेला राक्षस, ज्याला पाणी पाजलं की तो लढायचंच सोडून देतो. आमच्या खेळाडूंनी झाड वाळू दिलं, मेंढरू मरू दिलं आणि राक्षसाशी जीव तोडून लढले, पण घागरीतला थेंब काढला नाही.

आणि मग एकेक करून सगळे शेवटच्या दारात जाऊन अडकले. भरलेली घागर घेऊन म्हातारीपुढं उभे राहायचे आणि तिला मारायचे. तलवारीनं मारलं, कुऱ्हाडीनं मारलं, मेंढरं अंगावर सोडली. तिला काही व्हायचं नाही, कारण बाईंनी लिहिलेल्या म्हातारीला मारायची सोयच नव्हती. शहागंजाकडच्या एका पोराचं मत मला अजून पाठ आहे. त्यानं लिहिलं होतं, "भाई, ये बुड्ढी मरतीच नै. अंगठा सूज गया मेरा, वो सो रई आराम से." दुसऱ्यानं लिहिलं, शेवटचं दार बंद आहे, गेममध्ये बिघाड आहे. तिसरा म्हणाला, घागर पूर्ण भरलीये, आता काय करू? त्याच्याखाली लोकांनी त्याला सल्ले दिले. कुणी म्हणालं परत पहिल्या गावात जा, कुणी म्हणालं फोन बंद करून चालू कर. पाणी ओत म्हणायला एकजणही तयार होईना.

बाईंचा फोन दर संध्याकाळी यायचा. प्रकृतीची चौकशी नाही, हवापाण्याची नाही, एकच प्रश्न असायचा, "कुणी पोचलं का गं?" मी म्हणायचे, दारापर्यंत पुष्कळ पोचलेत बाई. त्या म्हणायच्या, बरं. पहिल्यांदा ते ‘बरं’ खुशीतलं होतं. मग ते हळूहळू बारीक होत गेलं.

दुसऱ्याला नावं ठेवायला माझं काय जातं? मी स्वतः तो गेम तपासायला खेळले तेव्हाची गत ऐका. मला शेवट माहीत, बाईंचं पुस्तक तोंडपाठ, पगार त्याचाच. म्हातारीपुढं उभी राहिले, घागरीवर अंगठा टेकवला आणि थांबले. घागर पूर्ण रिकामी व्हायला अंगठा दाबून धरावा लागायचा. मी जरासं ओतलं आणि सोडलं. वाटलं, बघू तेवढ्यात भागतंय का. त्या सकाळी आमच्या समुद्रवाल्या इमारतीत टँकर आला नव्हता आणि मी तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत धरून ठेवून आले होते. चित्रातलं पाणी आहे, पोरी, चित्रातलं, असं मोठ्यानं म्हणून मग कुठं अंगठा दाबला गेला. शेजारी बसणाऱ्या पोरीनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, काम करतेय.

थंडी संपता संपता बाई दाताच्या डॉक्टरकडं शहरात आल्या आणि दुपारी माझ्या खोलीवर टेकल्या. खोलीत पलंगापेक्षा निळे ड्रम जास्त, त्यामुळं त्यांना ड्रमावरच चादर टाकून बसवलं. शहरात तेव्हा घरोघरी पाहुण्याला एक प्रश्न विचारायची रीत पडली होती, तोच माझ्या तोंडून निघाला. बाई, अर्धा ग्लास देऊ का पूर्ण? त्या म्हणाल्या, अर्धाच दे. प्यायल्या, ग्लास खाली ठेवला, खिडकीतून समोरच्या अर्धवट इमारतीकडं पाहत राहिल्या. मग आपणहून सांगू लागल्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं नवीन लग्न झालेलं. सासर लांब, जालन्याच्याही पलीकडं. पहिल्यांदा माहेरी आल्या त्या एसटीच्या फाट्यापासून उन्हात चालत. दारात पोचल्या तेव्हा गावातली विहीर कधीच तळाला गेली होती आणि घरात पाणी होतं ते एकुलत्या एका हंड्यात, तेही आईनं पहाटे खडी फोडायला जायच्या आधी दुसऱ्या गावावरून डोक्यावर आणलेलं. आईनं त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं, आत गेली, तांब्या भरून आणला आणि सगळाच्या सगळा पायावर ओतला. वडील ओरडले, डोकं फिरलं का तुझं, नुसतं शिंपडलं असतं तर चाललं नसतं का.

"आई काय म्हणाली माहितंय?" बाई म्हणाल्या. "म्हणाली, पोरगी पाय भाजत आलीया, तिला काय शिंपडून घरात घेऊ?"

त्याच उन्हाळ्यात आई गेली. बाईंची तिच्याशी ती शेवटची भेट. मी विचारलं, म्हणजे ती म्हातारी तुमची आई का? बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "नाही गं. म्हातारी मी. ती घागरवाली पोर माझी आई. ते एक पाणी लिहायचं होतं मला. बाकीचे राक्षस-फिक्षस तिथवर पोचायला घातले."

मी तिथंच ठरवलं की शेवट कुणालातरी सांगून टाकायचा. खोट्या नावानं लिहायचं, अरे येड्यांनो, पाणी ओता. बाईंनी माझं तोंड बघून ओळखलं. त्यांनी पोरं शिकवली होती, कुणाच्या मनात कॉपी आहे हे त्यांना लांबून कळायचं. म्हणाल्या, सांगून घातलेलं पाणी मला नको. संध्याकाळच्या गाडीनं त्या कन्नडला परत गेल्या.

पाडवा जवळ आला. एकदा वाटलं, झालं. एका पोराचा फोन दारापुढच्या पायऱ्या उतरताना हातातून निसटला, पकडताना अंगठा घागरीवर दाबला गेला आणि सगळी घागर सांडली, म्हातारीपासून दोन पायऱ्या अलीकडं. दोन पायऱ्या! त्यानं कंपनीला इतकं लांबलचक आणि इतकं शिव्यांनी भरलेलं मत पाठवलं की मी ते बाईंना वाचूनसुद्धा दाखवू शकले नाही. आपली मेहनत पाण्यात गेली, पाणी परत द्या, असं त्याचं म्हणणं. मालकांनी जातीनं त्याची माफी मागितली आणि त्याला घागर भरून परत दिली. खरं तर रिकामी घागर घेऊन तो अर्धा शहाणा झाला होता, तोही आम्ही राहू दिला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि भांडले. म्हटलं, थोडे दिवस थांबा, उन्हाळा संपू द्या, एखादा पाऊस पडू द्या, लोकांचा हात सैल होईल. ते म्हणाले, मॅडम, लोकांना जे पाहिजे ते द्यायला नको का? मी वैतागून म्हणाले, लोकांना पाणी पाहिजे. तर ते म्हणाले, एक्झॅक्टली, आणि त्यांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.

पाडव्याला नवा गेम निघाला. त्यात टँकर होता. जाहिरात बघितली की टँकर यायचा आणि घागर भरायची. घागर भरली की सोन्याची कुऱ्हाड मिळायची. कुऱ्हाडीचा एक घाव घातला की म्हातारी फटाक्यासारखी फुटायची आणि तिच्यामागून परदेशातला एक तयार धबधबा कोसळायचा. खेळाडूंना आनंद मावेना. पाच चांदण्यांचा पाऊस पडला, त्या वर्षी पडलेला तेवढाच. आता गेम लई भारी झाला. कंपनीनं जनतेचं ऐकलं. एकानं तर लिहिलं की आता कुठं हा गेम मूळ पुस्तकाला न्याय देतो. त्याचे मी आभार मानले नाहीत, एवढाच काय तो माझा बंडखोरपणा.

संध्याकाळी फोन आला नाही तेव्हा मीच बाईंना केला. सगळं सांगितलं, टँकर, कुऱ्हाड, धबधबा. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "पाय तेवढे दिसतात का गं तिचे अजून?" कुऱ्हाडीचा घाव नीट दिसावा म्हणून म्हातारीला कमरेपासून वरच दाखवायचं ठरलं होतं. मी नाही म्हणाले. बरं, म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला मालकांचा, खेळाडूंचा, टँकरचा आणि त्या शहराचा इतका राग आला की मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुवायला नळ सोडला तर त्याला पाणी नव्हतं.

त्यानंतर बाईंचे फोन थांबले. मी आपली आभार मानत राहिले. उन्हाळा सरत आला आणि एका दुपारी, मालकांना खूश करणाऱ्या चांदण्यांच्या मध्ये, एक मत आलं. फोटोच्या जागी ट्रॅक्टर होता. फोनला बोलून लिहून घेतलेलं असावं, कारण स्वल्पविराम-पूर्णविराम कशाचाच पत्ता नव्हता. ते मी इथं श्वास घेता यावा म्हणून तोडून देते.

"लेक चितेगावला कंपनीत असतो. त्याचा जुना फोन घरी ऱ्हायलाय, त्याच्यावर मी खेळते. आमचं गाव सिल्लोडच्या अलीकडं. हितं सगळे म्हणतेत म्हातारीला मारा. मला काय मारू वाटंना. दमून आल्यावानी बसली होती, पायाला ही धूळ. मंग घातलं सगळं पाणी पायावर. उठली बया. लई बरं वाटलं. पण येवढ्या लांबून आली तर तिला आधी घोटभर प्यायला तर द्यायाचं ना? नुसतं पायावर घालून आत घेतली. त्याच्या दोन चांदण्या कापल्यात."

मी ते परत वाचलं. मग परत. जुन्या फोनवर नवा गेम उतरला नव्हता. सगळ्या जिल्ह्याच्या हातात कुऱ्हाड आली होती तेव्हा ही बाई एकटीच जुन्या दारात घागर घेऊन उभी होती. पाणी तिच्या गावात तरी कुठलं असणार, टँकरच असणार. मी पळत मालकांकडं गेले. त्यांनी फोनवर नजर टाकली आणि म्हणाले, तीनच स्टार आहेत, आणि व्हर्जन जुनं आहे, अपडेट करून घ्या म्हणून कळवा. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नोकरी गेली नाही, कारण त्यांना नाही ऐकायची सवय नव्हती तशी शिव्या ऐकायचीही नव्हती. ते नुसते बघत राहिले. पुढं कंपनीनं गेम सोडून प्लॉट विकायचं ॲप काढलं आणि मग मीच बाहेर पडले.

त्या दुपारी मात्र मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि कन्नडला फोन लावला. म्हटलं, बाई, पोचली. त्यांना आधी कळलंच नाही. कोण पोचली? मी म्हटलं, तुमच्या म्हातारीपाशी पोचली, सिल्लोडकडची एक बाई आहे, घागर रिकामी केली तिनं, कुणी न सांगता. मग त्यांनी विचारलं, काय म्हणाली?

मी वाचून दाखवलं. दोन चांदण्या कापल्या ते गाळावं असं मनात आलं होतं, पण बाईंपुढं वाचताना शब्द गाळायची माझी हिंमत शाळेपासून नाही. दोन चांदण्यांसकट सगळं वाचलं.

"दिलं होतं गं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "आईनं दिलं होतं. पायावर घालून झाल्यावर परत आत गेली, परत तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी सगळा प्यायले. ती तिथंच उंबऱ्यात उभी राहून मी पिताना बघत होती. एवढी वर्षं कसं विसरले मी?"

त्या रडत होत्या आणि मीही जिन्यात उभी राहून रडत होते, खालचा टाक्यांवाला परत वर बघत होता. रडून झाल्यावर बाईंनी नाक ओढलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या की त्या बाईला कळव. मी खुर्चीत येऊन बसले. उत्तराच्या चौकटीत मनःपूर्वक आभार आधीच येऊन बसले होते. ते पुसले आणि लिहिलं, ताई, प्यायलाही दिलं होतं. लिहायचं राहिलं होतं.